मोकळवाडीचा व्हॉल्व्ह

"आई, तू हो म्हणालीस तरच जमीन घेतो. नाहीतर विषय संपला."

अमेयने हे वाक्य भेंडीची भाजी वाढून घेता घेता टाकलं आणि माझ्या न्यूझीलंडच्या या मुक्कामाचा नूरच बदलला. अमेय माझा एकुलता एक मुलगा. ऑकलंडच्या पूर्वेला बॉटनी डाउन्स नावाचं उपनगर आहे, तिथे तो, सून मृणाल आणि नऊ वर्षांची नात इरा राहतात. नवराबायको दोघंही कम्प्युटरमधले. मी चिंचवडची. हे गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, आपल्याकडे उन्हाळा तापायला लागला की मी काही महिने इकडे येते आणि पुन्हा आपल्या घरी परतते.

जमीन कसली, तर ऑकलंडच्या उत्तरेला, गाडीने चार तासांवर, खाडीकाठी काही पैसेवाल्या आणि हुशार कम्प्युटरवाल्यांनी मिळून एक वसाहत उभी केली आहे. सरकारची लुडबुड होता होईल तेवढी कमी, हे त्यांचं ब्रीद. रस्ता त्यांचा, पाणी त्यांचं, वीज छपरावरच्या उन्हाची, भांडणं मिटवायला त्यांचेच पंच, आपसातल्या देवघेवीला त्यांचं स्वतःचं नाणं, तेही फोनमधलं. कुणी कुणाशी कसं वागायचं ते एका जाडजूड करारात लिहिलेलं. सही केली की तुम्ही आत. वसाहतीचं खरं नाव देत नाही, कारण माणसं चांगली निघाली आणि त्यांना उगाच बघे नकोत. मी मनात तिला मोकळवाडी म्हणत होते, इथेही तेच म्हणते.

अमेयच्या मनात दोन घरांचा प्लॉट होता. एक त्यांना, एक छोटं मला. "तू तिकडे एकटी आणि मी इकडे रात्री फोन वाजला की दचकतो, हे किती वर्षं चालवायचं?" तो म्हणाला. चिंचवडचा फ्लॅट विकायचा आणि मी कायमचं इकडे यायचं, असा त्याचा बेत होता. पालकांसाठी लांब मुदतीचा व्हिसाही आता मिळतो म्हणे.

"मृणाल, तुझं काय?" मी विचारलं.

"मला शेजारी हवेत, आई. इथे समोरच्यांचं नाव मला माहीत नाही. पण शेजारी करारात मिळतात का, ते तुम्हीच बघून सांगा."

मग शाळेच्या सुट्टीत तीन दिवस जाऊन बघायचं ठरलं.

अमेयला हे खूळ लागलं कुठून, ते सांगते. मुलं परदेशात असतील तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. त्याने पुण्यात असताना म्युच्युअल फंडांत पैसे घातले होते. इकडे नव्याने आलेल्याला पहिली चार वर्षं बहुतेक परदेशी उत्पन्नावर कर माफ असतो. ती चार वर्षं सरली आणि फंडांचा हिशोब सुरू झाला. विकले नाहीत, नफा हातात आला नाही, तरी तो आला असं धरून त्यावर कर. तिकडे भारतात वेगळं विवरणपत्र. दोन्ही देशांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं एवढंच एक सुख, म्हणजे डोकं एकदाच दुखतं. त्या दिवसांत हा मुलगा घरात असून नसल्यासारखा. कामावर जातायेताना गाडीत मोकळवाडीवाल्यांची भाषणं ऐकायला लागला आणि त्याला वाटलं, आहे बुवा एक जागा, जिथे माणसाला माणसासारखं सोडतात.

मी दहावीपुढे शिकले नाही. पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवत नाही, भेळेचा असला तरी. बॉटनीच्या ग्रंथालयाचं कार्ड मला फुकट मिळालंय, दुपारी तिथे ऊबदार वाटतं, खुर्च्याही चांगल्या आहेत. तिथे बसून, फोनमध्ये शब्दकोश उघडून, मी मोकळवाडीचा करार वाचायला घेतला. दुसऱ्या दिवशी मला हसू यायला लागलं. कुत्र्यांचे नियम, पाहुण्यांच्या गाड्या, बाल्कनीला लावायचा रंग, सांडपाणी, वर्गणी थकली तर काय. ही तर आमची सोसायटी!

आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचे हे निवृत्तीनंतर सेक्रेटरी होते. चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. ते आलं की खालच्या टाकीतून वर चढवायचं आणि टाकी भरून वाहायला लागायच्या आत पंप थांबवून व्हॉल्व्ह बंद करायचा. हे काम ह्यांनी अंगावर घेतलं होतं. पहाटे गच्चीवरून धार पडल्याचा आवाज आला की ते झोपेतून ताडकन उठायचे. "अहो, वॉचमन आहे की," मी म्हणायचे. "वॉचमनला झोप असते," हे ठरलेलं उत्तर. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धार पडायला लागली आणि मीच उठून खाली गेले. तेव्हापासून व्हॉल्व्ह माझ्याकडे आहे. मी इकडे आले की तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदे वहिनी बघतात, पण बघतात म्हणजे काय, मला इथे फोन करून विचारतात.

निघण्याआधी मृणालने एक शहाणपणा केला. मला पापाटोएटोला कमलेशभाईंकडे नेलं. ते ह्या लोकांच्या कराचं काम बघतात. पापाटोएटो म्हणजे ऑकलंडमधलं आपलं गाव समजा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साड्या, सोनं, मिठाई, ताजी मेथी. मिठाईच्या दुकानावर जिना चढून त्यांचं ऑफिस. मुलुंडला वाढलेला माणूस, मराठी आपल्यापेक्षा चांगलं.

"मावशी, मला आधी एक सांगा. तुमचं घर कुठे आहे?"

"चिंचवडला."

"पत्ता नाही विचारत. करखातं विचारतं तसं विचारतोय. तुमचं अंथरूण कुठे असतं, कपडे कुठे, माणसं कुठे, आणि कुठूनही निघालात तरी परत कुठे जाता?"

मी बोटांवर मोजायला लागले. माणसं इकडे, अंथरूण दोन्हीकडे. मग त्यांनीच समजावलं. कुठल्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर तुम्ही इथल्या करदात्या. पण त्याहीपेक्षा तुमच्यासाठी कायमचं राहतं घर इथे असेल, तर दिवस मोजायचीही गरज उरत नाही. मग पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, सगळं आज ना उद्या इथेही दाखवायचं. दोन देशांत करार आहे, एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर बसू नये म्हणून, पण कागद दोनदा भरावे लागतातच. (हे मी ऐकलं तसं लिहितेय. तुमची गोष्ट वेगळी असेल, जाणत्याला विचारूनच पाऊल टाका.)

"आणि त्या वसाहतीत राहिलो तर?" मृणालने विचारलं. "अमेयला वाटतं, तिथे जरा मोकळीक असेल."

कमलेशभाई एवढे हसले की खालून मिठाईवाल्याने वर बघितलं असेल. "ताई, गेटच्या आतपण न्यूझीलंडच आहे हो!"

खाली उतरून आम्ही मोतीचूर घेतला. पण जिना उतरताना, लाडू घेताना, गाडीत बसताना माझ्या डोक्यात एकच. घर कुठे आहे?

सकाळी आठला निघालो. ऑकलंडचा मोठा पूल ओलांडला की एक नंबरचा महामार्ग धरायचा. शहर सुटल्यावर टोलचा पट्टा लागतो. टोलनाका नाही, माणूस नाही, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि आपण पुढच्या काही दिवसांत ऑनलाइन अडीच-तीन डॉलर भरायचे. विसरलात तर घरी पत्र येतं. वॉर्कवर्थपर्यंत रस्ता लोण्यासारखा. पुढे वेल्सफर्डला गाडी थांबवून मुलं पाय खातात. पाय म्हणजे गरम पुरीसारख्या पारीत भरलेलं सारण, शाकाहारीही मिळतो, सात-आठ डॉलर. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. खाताना इराने नाक मुरडलं आणि मग माझ्या डब्यातल्या दोन दशम्या संपवल्या.

वेल्सफर्डनंतर घाट लागतो. आपल्या घाटांपुढे तो लेकरू आहे, पण वळणं आहेत, ओकारीची गोळी ठेवा. पावसाळी हवा असेल तर रस्ता चालू आहे ना, हे आधी बघून निघा. कावाकावा नावाच्या गावात सार्वजनिक स्वच्छतागृह बघायला लोक थांबतात. खरंच सांगते. रंगीत फरशा, वाकडे खांब, बाटल्यांच्या काचांच्या भिंती. दारातल्या बाई "किया ओरा", म्हणजे माओरी भाषेतला नमस्कार, म्हणाल्या, मीही हात जोडून "किया ओरा" म्हटलं. त्या हसल्या आणि त्यांनीही हात जोडले.

केरीकेरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लाकडी फळी दिसली. वर फेजोआच्या पिशव्या. फेजोआ म्हणजे पेरूचा हिरवा, आंबटगोड, लांबचा भाऊ. एप्रिल-मेमध्ये इथे घरोघरी त्याचा पूर येतो. शेजारी पत्र्याचा डबा, पैसे टाकायला. माणूस कुठे दिसेना.

"विकणारा कुठेय?"

"नाहीये, आई. ऑनेस्टी बॉक्स. आपण पैसे टाकायचे आणि घ्यायचं."

"आणि कुणी डबाच उचलून नेला तर?"

"न्यायचा असेल तर नेतील," अमेय म्हणाला. "बहुतेक नेत नाहीत."

मी दोन डॉलर माझ्या हाताने टाकले. आवाज छान झाला.

मोकळवाडीच्या फाटकावर मात्र डबा नव्हता. तिथे पडदा होता. प्रत्येकाने त्यावर सही करायची: मी स्वतःच्या जबाबदारीवर आत येत आहे, माझ्यामुळे झालेलं नुकसान माझ्या यजमानाच्या खात्यावर पडेल हे मला मान्य आहे. मी सगळं वाचून सही करेपर्यंत मागे दोन गाड्या खोळंबल्या.

"आजी, नोबडी रीड्स इट!" इरा कळवळली.

"म्हणूनच वाचायचं असतं," मी म्हटलं.

आमचे यजमान होते डग. अमेरिकेतले, सत्तरीचे, उंच, अर्धी चड्डी आणि अंगठ्याच्या चपला, ज्यांना इकडे जँडल्स म्हणतात. वसाहत सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्याबरोबर हेलन, जन्माने इथलीच, कराराची अंमलबजावणी बघणारी. पन्नाशीची, ताठ आणि हसतमुख. सगळे इंग्रजीत बोलत होते, मला समजलं तसं मराठीत लिहिते.

जागा सुंदर होती, खोटं का बोलू? वीस-बावीस लाकडी घरं, मध्ये उतार, उताराच्या पायथ्याशी खाडी, भरतीला पाणी अगदी झाडांच्या मुळांशी. माझ्यासाठी योजलेला प्लॉट वरच्या अंगाला होता. अमेय गवतात उभा राहून हातांनी दाखवत होता, "इथे तुझी खिडकी. इथे तुळस." त्याचा चेहरा शाळेतल्या निकालाच्या दिवसासारखा झाला होता. मला हो म्हणणं किती सोपं आहे ते तेव्हा कळलं.

फक्त माणसं दिसेनात. घरांत दिवे होते, गाड्या होत्या, रस्त्यावर कुणी नाही. हेलनने फोन उघडून दाखवलं. कुणाला शिडी हवी, कुणाला कुत्रं फिरवायचंय, सगळं त्यात. शिडी दिली की तुमच्या खात्यात नाणी जमा. मी डगना मोतीचूर दिला तर त्यांनी फोन काढला. "याची किती नाणी पाठवू?"

"अहो, लाडू आहे तो!"

अमेयने घाईघाईने भाषांतर केलं. डग ओशाळले आणि त्यांनी दोन लाडू खाल्ले.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो. मला वाटलं होतं, स्वातंत्र्यावर मोठी चर्चा ऐकायला मिळेल. चर्चा सुरू झाली करावर आणि संपलीही करावरच. डग अमेरिकेचे नागरिक. अमेरिकेचा माणूस जगात कुठेही राहो, दरवर्षी त्याने मायदेशाला विवरणपत्र द्यायचंच. तिथे पाऊल टाकलं नाही तरी.

"मी सरकारांपासून पळून जगाच्या टोकाला आलो," डग म्हणाले, "आणि आता मला दोन सरकारांची उत्तरं द्यावी लागतात. सुनंदा, तुझं घर कुठे आहे असं तुला कुणी विचारतं का?"

"गेल्याच आठवड्यात विचारलं," मी म्हटलं.

"मग काय सांगितलंस?"

"लाडू घ्यायला गेले."

ते खूप हसले. अमेय माझ्याकडे बघत होता. त्याला उत्तर हवं होतं आणि तो विचारत नव्हता.

आम्हाला पाहुण्यांचं छोटं घर दिलं होतं. रात्री जोराचा पाऊस लागला. पहाटे, उजाडायच्या सुमारास, मला जाग आली ती आवाजाने. धार पडत होती. भरल्या टाकीतून पडते तशीच, एकसारखी, जाड.

मी कुठे आहे, हे मनात यायच्या आधी पाय खाली टेकले होते. दाराशी मृणालचे गमबूट होते ते घातले, शाल घेतली, बाहेर पडले. घरामागे पंपाची खोली आणि तिच्याशेजारी हत्तीएवढ्या हिरव्या टाक्या. एका टाकीच्या वरच्या नळीतून पाणी धो धो ओढ्यात चाललेलं. एवढं पाणी! जीव तुटला. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत लाल चाकाचा व्हॉल्व्ह, आमच्याकडे आहे तसाच. मी तो फिरवून घट्ट बंद केला. धार थांबेना. अजून आवळला, दोन्ही हातांनी. तरी थांबेना. म्हटलं, यांचा व्हॉल्व्ह गेलाय, सकाळी सांगायला हवं. आणि परत येऊन झोपले. समाधानाने झोपले, हे विशेष.

जाग आली ती आरडाओरड्याने. कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. अंगाला साबण लावलेला एक गृहस्थ टॉवेलवर रस्त्यात उभा. मुलं, बायका, दोन कुत्री, पायजम्यातले डग, सगळे पंपाच्या खोलीसमोर जमलेले. फोनमधली यंत्रणा एवढंच सांगत होती की पंप कोरडा फिरला म्हणून स्वतःला कुलूप लावून बसलाय आणि ते कुलूप पंपाची देखभाल करणारी कंपनी परदेशातून उघडेल, सोमवारी.

अमेयने आत डोकावून लाल चाक बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. त्याला सांगावं लागलं नाही.

"आई... तू?"

"टाकी वाहत होती रे."

"ते पावसाचं पाणी! छपरावरून टाकीत येतं, जास्तीचं बाहेर जातं. ती वाहायलाच हवी!"

"आणि मी काय बंद केलं?"

"सगळ्यांचं पाणी."

"आजी, दॅट इज सो एम्बॅरसिंग," इरा म्हणाली आणि माझा हात मात्र धरून उभी राहिली.

मी पुढे झाले आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझ्या हातून झालं. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. माझा नवरा पहाटे उठून टाकी बंद करायचा. तो आता नाही. मी झोपेत उठले. एवढंच बोलले. साबणवाल्या गृहस्थांनी मान खाली घातली.

मग हेलनने घसा साफ करून करार काढला. पाहुण्याने पाणी तोडलं तर दंड यजमानाला. शिवाय कंपनीच्या परवानगीशिवाय पंप उघडायचा नाही.

"असलं कलम घातलं कुणी?" साबणवाले ओरडले.

"मी," डग म्हणाले. "आणि यजमानही मीच आहे."

तेव्हा पहिला हशा पिकला. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यभर ऐकत आले आहे. वर्गणी कशाला घेता, कंपनी बदला, मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं, तुम्ही मीटिंगला येत नाही. भाषा इंग्रजी, सूर आमच्या सर्वसाधारण सभेचा. फक्त चहा-बिस्किटं नव्हती. ती मृणालने आमच्याकडच्या बाटल्यांतल्या पाण्याचा चहा करून पुरी केली.

या गोंधळात अमेय खोलीत शिरला होता. व्हॉल्व्ह उघडून तो पंपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "हवा अडकलीय. वरचं बूच काढून पाणी भरलं की धरेल. कुणी तांब्या द्या." तांब्या इथे कुणाला कळणार नाही, हे लक्षात आल्यावर त्याने इंग्रजीत 'मग' मागितला.

"परवानगी..." हेलन म्हणाली.

"हेलन, मला आंघोळ करायचीय," डग म्हणाले आणि टाकीच्या नळीखाली मग धरून उभे राहिले.

अमेय सहावी-सातवीत असताना हे त्याला पहाटे उठवून बॅटरी धरायला न्यायचे. तो रडायचा, मी भांडायचे. झोपू द्या पोराला, म्हणायचे. आता त्याने बूच सोडवलं, डगनी दिलेलं पाणी हळूहळू आत ओतलं, बुडबुडे थांबेपर्यंत थांबला, पुन्हा ओतलं. पाणी बुचाशी काठोकाठ आलं तेव्हा त्याने बोट त्यावर क्षणभर ठेवलं. हे तसंच ठेवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. बूच बसवलं, यंत्रणेला बगल देऊन पंप हाताने सुरू केला. आधी घरघर, मग पंपाचा आवाज भरीव झाला. वरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "आलं!"

टाळ्या वाजल्या. अमेय उठला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि असा हसत होता की मला तो मार्चपासून तसा दिसला नव्हता. साबणवाल्यांनी त्याची पाठ थोपटली आणि पाठीला फेस लागला.

त्यानंतर कुणी घरी गेलं नाही, हे मला आवडलं. कुणी पाव आणला, कुणी फेजोआचा मुरंबा. एक बाई दुसरीला म्हणाली, "तू तीन नंबरमधली का? मी तुझं कुत्रं वर्षभर फिरवतेय, तुला आज बघितलं." फोन कुणी काढला नाही. दंडाचं काय झालं ते सांगते. डगनी जाहीर केलं की दंड ते लाडवांत भरतील, आणि हेलनने ते लिहून घेतलं.

परतताना केरीकेरी मागे पडलं. फेजोआच्या फळीपाशी मी गाडी थांबवायला सांगितली. मृणाल आणि इरा पिशवी निवडायला उतरल्या. मी म्हटलं, "अमेय, मी हो म्हणत नाहीये."

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "पाण्यामुळे?"

"पाण्यामुळेच. मी झोपेत उठले, तेव्हा मी चिंचवडला होते. तुमच्या गवतातली खिडकी छान आहे, पण माझे पाय अजून तिथे उठतात. उद्या बदलेलही. आज नाही."

"म्हणजे तू तिकडे एकटी राहणार."

"अर्धं वर्ष आणि थोडं वर. अर्ध्याहून थोडं कमी इकडे, १८३ दिवसांच्या आत. कमलेशभाईंचीही कटकट नाही. आणि एक ऐक. जमीन तुला हवी असेल तर जरूर घे, पण मी येणार म्हणून घेऊ नकोस. आणि करासाठी तर मुळीच नको, डगची दशा बघितलीस. आज तू खूश झालास तो नियम नव्हते म्हणून नाही रे. भोवती माणसं होती आणि हातात मग होता."

त्याने एक बोट स्टिअरिंगवर टेकवलं. मग म्हणाला, "बाबा पाण्यावर बोट का ठेवायचे, माहितीये?"

"नाही."

"बुडबुडा बोटाला कळतो. डोळ्याला नाही."

मृणाल पिशवी घेऊन आली. "झालं बोलून?" तिने विचारलं. आम्ही दोघंही एकदमच हो म्हणालो.

अमेयने जमीन घेतली नाही. अनामत भरायची मुदत त्याने जाऊ दिली. मात्र डगनी त्यांचं पाहुण्यांचं घर पुढच्या सुट्टीसाठी त्यांना देऊ केलं आहे, नाणी न घेता. बॉटनीत समोरच्यांचं नाव आता माहीत झालंय. फेजोआ एवढे आणले होते की इराला पिशवी घेऊन दारोदार पाठवावं लागलं. फंडांचा कर अमेयने भरला. कटकट आहेच, पण ती आता करण्याएवढीच उरली आहे, राहण्याची जागा ठरवण्याएवढी नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं: उत्तरेकडे एप्रिलात जा, गर्दी कमी, फळं भरपूर. दोन रात्री पुरतात. पेट्रोल शहरातच भरून घ्या. आणि टाकी वाहताना दिसली तर तिला वाहू द्या.

मी चिंचवडला परत आल्यावर काही दिवसांनी डगचा फोटो आला. पंपाच्या खोलीवर पाटी लावली आहे: 'हात लावण्याआधी शेजाऱ्याला उठवा.' अमेय म्हणतो, त्यांनी आता पाळी लावली आहे, रोज सकाळी एक घर टाकी बघायला जातं आणि एकाऐवजी चार-पाच जण कॉफी घेऊन हजर होतात.

आणि परवाची गोष्ट. पहाटे धार पडायला लागली. मी ताडकन उठले, शाल घेतली, जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात होते तोच आवाज थांबला. कठड्यावरून वाकून बघितलं. शिंदे वहिनींची सून, केस विस्कटलेले, व्हॉल्व्हवरून हात काढत होती. तिने वर बघितलं.

"काकू, झोपा तुम्ही. मला ऐकू आलं."

गेल्या तीन वर्षांत त्या चाकाला मला न विचारता दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. वाईट वाटेल असं वाटलं होतं, ते थोडंसंच वाटलं. मग वर आले, चहा टाकला आणि अमेयला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"पुढच्या वर्षी जरा लवकर येईन म्हणते," मी म्हटलं. "माझं तिकीट बघशील?"